मॉब कुठे जन्मतो, कशाने चिडतो, कधी सोडून देतो: माइनक्राफ्टमधल्या जीवांशी कसं वागायचं

माझी भाची माइनक्राफ्ट शिकत होती तेव्हाची गोष्ट. एकदा रडवेली होऊन म्हणाली, "मामा, त्या उंच काळ्या माणसाला मी काहीच केलं नव्हतं. नुसतं बघितलं, तर मारायलाच आला." मी तिला सांगितलं, की एंडरमॅनच्या चेहऱ्याकडे बघणं हीच त्याची खोडी काढणं असतं. त्यावर ती म्हणाली, "मग हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

तिचं म्हणणं मला पटलं. हा खेळ असल्या गोष्टी स्वतःहून सांगत नाही. क्रीपर मागून येऊन फुटतो, शांत फिरणारा लांडगा एकदम अंगावर धावतो, चांगल्या बांधलेल्या घरात रात्री झॉम्बी निघतो, आणि नवख्या खेळाडूला हे सगळं लहरी वाटतं. लहरी यातलं काहीच नाही. प्रत्येक जीव ठरलेल्या नियमांनी वागतो आणि ते नियम कळले की तलवार उपसायची वेळ फार क्वचित येते.

खेळातल्या प्रत्येक हलत्याचालत्या जीवाला मॉब म्हणतात. त्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. गाय, मेंढी, कोंबडी हे गरीब. त्यांना मारलं तरी ते पळतात, उलट वार करत नाहीत. झॉम्बी, स्केलेटन, क्रीपर हे वैरी. तुम्ही दिसलात की मागे लागतात. आणि तिसरे तटस्थ. लांडगा, मधमाशी, एंडरमॅन, आयर्न गोलेम वगैरे. हे आपल्या वाटेने जातात, पण त्यांची एक ठरावीक कळ दाबली गेली की वैऱ्यांपेक्षा जड जातात. कुठलाही मॉब समोर आला की मी तीन प्रश्न विचारतो: हा कुठे जन्मतो, कशाने चिडतो आणि कशाने पिच्छा सोडतो. पुढे दिलेले आकडे जावा एडिशनचे, म्हणजे संगणकावरच्या मूळ आवृत्तीचे आहेत. मोबाइल, कन्सोलवरही चालणाऱ्या बेडरॉक एडिशनमध्ये त्यातले काही वेगळे असतात, पण विचार करायची पद्धत तीच राहते.

अंधाराचा हिशेब

वैरी मॉब कुठून तरी चालत येत नाहीत. ते तुमच्या आसपास, रिकाम्या जागेत, क्षणात तयार होतात. याला खेळाडू स्पॉन होणं म्हणतात. खेळ दर सेकंदाला 20 वेळा स्वतःची घडी पुढे सरकवतो, त्या प्रत्येक घडीला टिक म्हणतात, आणि वैरी मॉबसाठी जागा शोधायचा प्रयत्न प्रत्येक टिकला होतो. म्हणजे एखादा अंधारा कोपरा राहून गेला असेल, तर तो सापडायला खेळाला फार वेळ लागत नाही.

जागा चालेल की नाही हे मुख्यतः उजेडावर ठरतं. उजेड 0 ते 15 असा मोजला जातो, आणि अंतर ब्लॉकमध्ये, म्हणजे हे जग ज्यांचं बनलं आहे त्या ठोकळ्यांमध्ये. 30 नोव्हेंबर 2021 ला आलेल्या 1.18 आवृत्तीपासून ओव्हरवर्ल्डमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या जगात, बहुतेक वैरी मॉब फक्त तिथेच जन्मतात जिथे टॉर्च, कंदील यांसारख्या वस्तूंचा उजेड शून्य आहे. शून्य म्हणजे अगदी शून्य. एक असला तरी जागा सुरक्षित. त्याआधी ही मर्यादा 7 होती. म्हणून जुन्या खेळाडूंकडून अजूनही "दर पाच-सहा ब्लॉकला टॉर्च लाव" असा सल्ला मिळतो. तो त्यांच्या काळात बरोबर होता. आज तेवढे टॉर्च लावण्यात कोळसाही जातो आणि वेळही.

मग किती लावायचे? हे स्वतः मोजून बघण्यासारखं आहे. टॉर्चचा उजेड 14 असतो आणि दर ब्लॉकला तो एकने कमी होतो. 13 ब्लॉक दूर गेलात तर 1 उरतो, चौदाव्याला शून्य. पण हे अंतर तिरकं मोजत नाहीत. बुद्धिबळातल्या हत्तीसारखं सरळ-आडवं मोजायचं. पूर्वेला 7 आणि उत्तरेला 7 ब्लॉक असलेली जागा टॉर्चपासून 14 ब्लॉक दूर धरली जाते, आणि तिथे पूर्ण अंधार असतो. त्यामुळे टॉर्चचा उजेड जमिनीवर गोल पसरत नाही, कोनावर उभ्या केलेल्या चौकोनासारखा पसरतो. सपाट मोकळ्या जमिनीवर उभे-आडवे दर 12 ब्लॉकला टॉर्च लावले तर मधे शून्याची एकही जागा राहत नाही. 14 ब्लॉकचं अंतर ठेवलंत तर चार टॉर्चच्या बरोबर मधोमध एक काळा ठिपका राहतो आणि क्रीपरला तेवढा पुरतो. भिंती, झाडं, चढउतार असतील तर अंतर आणखी कमी करायचं, कारण उजेडाला वळसा घालून जावं लागतं आणि त्या वळशाचे ब्लॉकही हिशेबात धरले जातात.

सगळ्यात जास्त चूक होते ती छपरावर. माझ्या पहिल्या मोठ्या घरात आतली प्रत्येक खोली लख्ख होती, अंगणातही टॉर्च होते, आणि तरी रोज सकाळी दारासमोर क्रीपर उभा. बरेच दिवस मी कुंपणात फट शोधत बसलो. मग एका रात्री घरामागच्या टेकडीवर चढून पाहिलं, तर माझ्याच सपाट दगडी छपरावर तीन मॉब फिरत होते. छपराला टॉर्च लावायचं मला सुचलंच नव्हतं. चार टॉर्चमध्ये तो त्रास संपला. दाट पानांच्या मोठ्या वृक्षांखालची जमीन, जिन्याखालची पोकळी, घराखालून गेलेली आणि आपल्याला माहीतही नसलेली गुहा, याही अशाच विसरल्या जाणाऱ्या जागा.

टॉर्च लावून देखणी जागा बिघडते असं वाटत असेल तर दुसरा मार्ग आहे. मॉबला जन्मायला पायाखाली भरीव ब्लॉक लागतो. काच चालत नाही, पानं चालत नाहीत, खालच्या बाजूला बसवलेला अर्धा स्लॅब चालत नाही. गालिचा अंथरलेल्या जमिनीवरही ते जन्मत नाहीत. छपर अर्ध्या स्लॅबचं केलं तर ते कितीही अंधारात असलं तरी रिकामं राहतं. मला स्वतःला ही पद्धत टॉर्चपेक्षा जास्त आवडते.

आता अंतराचा नियम. तुमच्यापासून 24 ब्लॉकच्या आत वैरी मॉब जन्मत नाहीत. 128 ब्लॉकपेक्षा दूर गेलेला सामान्य वैरी मॉब तत्काळ नाहीसा होतो. 32 ब्लॉकच्या पलीकडे थोडा वेळ राहिलेला मॉब हळूहळू, नशिबाने, नाहीसा होऊ लागतो. म्हणजे तुमच्याभोवती एक कडं असतं, आतून 24 आणि बाहेरून 128 ब्लॉकचं, आणि सगळा खेळ त्या कड्यात चालतो. तुम्ही चालता तसं ते कडंही तुमच्याबरोबर सरकतं. घरापासून दोनशे ब्लॉक दूर गेल्यावर घराजवळ वैऱ्यांची गर्दी जमत असेल ही भीती त्यामुळे बाळगायचं कारण नाही. घराजवळ ते जमतात तुम्ही तिथून तीस-चाळीस ब्लॉकवर खाणीत काम करत असता तेव्हा.

एकट्या खेळाडूसाठी एका वेळी जास्तीत जास्त सुमारे 70 वैरी मॉब जन्मू शकतात. हा आकडा भरला की नवे येत नाहीत. याचा एक परिणाम लक्षात ठेवावा: अंगण उजळलं की मॉबची एकूण संख्या घटत नाही, ते फक्त दुसऱ्या अंधाऱ्या जागी, बहुतेकदा गुहांमध्ये, जन्मतात. मॉबपासून वस्तू मिळवण्यासाठी जे अंधारे मनोरे बांधतात, ते कधीकधी ओस पडलेले दिसतात ते याच कारणाने. खालच्या गुहा त्या सत्तरांतले बहुतेक मॉब गिळून बसलेल्या असतात. म्हणून असे मनोरे समुद्रावर किंवा आकाशात खूप उंच बांधतात. तिथून गुहा 128 ब्लॉकच्या बाहेर राहतात.

अपवादही सांगून ठेवतो, नाहीतर टॉर्च लावूनही कुणी आलं की नियमावरचा विश्वास उडतो. स्लाइम नावाचे चिकट गोळे काही ठरावीक चंकमध्ये, म्हणजे जगाच्या ठरावीक चौकोनी तुकड्यांमध्ये, जमिनीच्या खोलात उजेड असतानाही जन्मतात. गावं लुटणाऱ्या पिलेजरांच्या टोळ्या वेगळ्या नियमाने येतात. गडगडाटी वादळात आकाशाचा उजेड इतका उतरतो की भर दिवसा उघड्यावर वैरी जन्मतात. आणि उजेड लावल्याने जन्म थांबतो, येणं थांबत नाही. बाहेर जन्मलेला झॉम्बी उजेडात खुशाल चालत येतो. कुंपण त्यासाठी लागतं. कुंपण दिसायला एक ब्लॉक असलं तरी मॉबसाठी दीड ब्लॉक उंच असतं, त्यामुळे त्यांना ते ओलांडता येत नाही. कुंपणावर एका जागी गालिचा टाकला तर तुम्ही मात्र उडी मारून आत-बाहेर करू शकता. कोळी भिंतीवर चढतो, म्हणून तटाच्या माथ्यावर बाहेरच्या बाजूला एक ब्लॉक पुढे काढलेली कड ठेवावी. तिच्याखाली येऊन तो अडकतो.

दिसताक्षणी मागे लागणारे

झॉम्बी तुम्हाला साधारण 35 ब्लॉकवरून हेरू शकतो, स्केलेटन 16 वरून. वाकून चाललात तर हे अंतर थोडं घटतं. उन्हात दोघंही जळतात, पण सावलीत, पाण्यात किंवा डोक्यावर शिरस्त्राण असेल तर वाचतात. सूर्य उगवला म्हणून लगेच दार उघडू नये ते एवढ्यासाठी. बाण मारणाऱ्या स्केलेटनसमोर सरळ धावत जाणं हा सर्वांत महाग मार्ग. खांबाआड, कोपऱ्याआड व्हा. तुम्ही दिसेनासे झालात की तो जवळ येतो आणि मग कोपऱ्यावरच गाठता येतो.

क्रीपरबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त घरं त्याने पाडली आहेत. खेळाचे जनक मार्कुस पेर्सॉन यांनी डुकराची आकृती बनवताना उंची आणि लांबीचे आकडे चुकून उलटे टाकले आणि त्यातून हा उभा, चार पायांचा प्राणी निघाला. त्याच्या चालण्याचा आवाज येत नाही. ऐकू येते ती फक्त फुटण्याआधीची सळसळ, आणि ती सुरू झाल्यापासून दीड सेकंद मिळतो.

त्या दीड सेकंदात काय करायचं हे नियमांवरून ठरवता येतं. क्रीपर तुमच्यापासून 3 ब्लॉकच्या आत आला की फुगू लागतो. तुम्ही 7 ब्लॉकच्या पलीकडे गेलात किंवा मधे भिंत आली की फुगणं थांबतं आणि तो पुन्हा चालू लागतो. त्यामुळे धावत जाऊन एक वार करायचा, धक्क्याने तो मागे सरकला की आपणही मागे सरायचं, पुन्हा वार. घाई केली तर हरतो, ताल सांभाळला तर तो एकदाही फुटत नाही. ढाल हातात असेल आणि तोंड त्याच्याकडे असेल तर ढाल उचलून उभं राहिलं तरी अंगाला काही होत नाही. भोवतालचे ब्लॉक मात्र उडतात. पाण्यात उभा असताना तो फुटला तर ब्लॉकही शाबूत राहतात. मी कोठारासमोर एक ब्लॉक खोल पाण्याचा पट्टा ठेवतो तो या कारणासाठी.

त्याहून सोपा उपाय म्हणजे मांजर. क्रीपर मांजरापासून 6 ब्लॉक दूरच राहतात. गावात फिरणाऱ्या मांजरासमोर कच्चा मासा धरून स्थिर उभं राहायचं, ते जवळ आलं की खायला घालायचं. दोन-चार प्रयत्नांत ते तुमचं होतं. दाराशी बसवून ठेवलेलं मांजरही काम करतं. मांजर फॅंटमनाही जवळ फिरकू देत नाही. फॅंटम म्हणजे आकाशातून झडप घालणारे पंखवाले जीव. खेळातले तीन दिवस सलग झोपला नाहीत तरच ते येतात, त्यामुळे त्यांच्यावरचं खरं औषध झोप हेच.

झॉम्बी गावकऱ्यांना, म्हणजे व्हिलेजरांना, मारून झॉम्बी बनवतो. खेळ सोप्या पातळीवर असेल तर गावकरी नुसता मरतो, मधल्या पातळीवर निम्म्या वेळा झॉम्बी होतो, कठीण पातळीवर दर वेळी होतो. कठीण पातळीवर झॉम्बी लाकडी दारंही फोडतात. ज्या गावाशी तुमचा व्यापार आहे ते गाव उजळून कुंपण घालणं हे तुमचं पहिल्या आठवड्याचं काम असायला हवं. मी ते एकदा पुढे ढकललं होतं आणि ज्या ग्रंथपालाला शोधायला मला तीन दिवस लागले होते तो एका रात्रीत गेला. झॉम्बी झालेल्या गावकऱ्यावर दुर्बलतेचं फेकायचं औषध टाकून सोन्याचं सफरचंद दिलं तर तो परत माणसात येतो, पण त्यासाठी तो हाताशी असावा लागतो. माझा उन्हात जळून गेला.

तटस्थ, पण एका मर्यादेपर्यंत

वैऱ्यांशी कसं वागायचं हे पहिल्या दोन रात्रींत अंगवळणी पडतं. मरायची वेळ नंतर येते ती या तटस्थ जीवांमुळे, कारण आपण त्यांच्यात निर्धास्त वावरतो.

प्रत्येकाची कळ वेगळी आहे. एंडरमॅनची कळ नजर. 64 ब्लॉकवरूनसुद्धा तुमच्या पडद्यावरची फुली त्याच्या चेहऱ्यावर टेकली की तो चिडतो. तो दिसला की नजर जमिनीकडे ठेवून त्याच्या पायांकडे बघत चालायचं. कोरलेला भोपळा डोक्यावर घातला तर कितीही बघितलं तरी चालतं, पण समोरचं फारसं दिसत नाही. चिडलाच तर धावण्यात अर्थ नाही, तो क्षणात जागा बदलतो. बाण त्याला लागत नाहीत. पण तो जवळजवळ तीन ब्लॉक उंच आहे, म्हणून दोन ब्लॉक उंचीच्या छताखाली त्याला येता येत नाही. आत उभं राहून त्याच्या पायांवर वार करता येतात. पाण्यानेही त्याला इजा होते, पाऊस पडू लागला की तोच पळ काढतो. भाचीला मी शेवटी एवढंच शिकवलं: तो दिसला की खाली बघ आणि दाराला छत कमी उंचीचं ठेव. तेवढं तिला पुरलं.

कोळ्याची कळ उजेड आहे. लाइट लेव्हल 12 किंवा जास्त असेल तर तो तुम्हाला काही करत नाही, 11 किंवा त्याखाली उतरली की वैरी होतो. दिवसा गवतात शांत बसलेला कोळी पाहून त्याला मारायला जाणारे पुष्कळ. त्याला तसंच सोडावं. ध्रुवीय अस्वलाची कळ म्हणजे त्याचं पिल्लू. पिल्लू जवळ असताना तुम्ही आसपास असणंही त्याला खपत नाही.

लांडगा आणि मधमाशी यांचं तंत्र आणखी वेगळं: इथे एकाला दुखावलं की सगळे उठतात. मधमाशी एकदा डंख मारते आणि सुमारे मिनिटभरात मरून जाते, म्हणजे या भांडणात नुकसान दोन्हीकडे होतं. पोळ्यातून मध काढायच्या आधी खाली पाच ब्लॉकच्या आत शेकोटी पेटवून धूर वर जाऊ दिला की माश्या शांत राहतात. शेकोटीवर गालिचा टाकावा, म्हणजे धूर जातो पण माश्या भाजत नाहीत. लांडग्याला हाडं देऊन माणसाळवता येतं, प्रत्येक हाडामागे तीनात एक शक्यता. स्केलेटन लांडग्यांना भिऊन पळतात, त्यामुळे पाळीव लांडगा गुहेत मोठा आधार असतो. कड्याच्या काठावर किंवा लाव्हाजवळ जाण्याआधी मात्र त्याला बसवून ठेवा. तुमच्या मागे धावताना तो स्वतःचा जीव सांभाळत नाही.

गावातला आयर्न गोलेम गावकऱ्यांचा राखणदार. त्याला मारलंत किंवा गावकऱ्यांना वारंवार दुखावून गावातली पत घालवलीत तर तो तुमच्यावर उलटतो, आणि त्याचं बळ झॉम्बीच्या पाचपट आहे: झॉम्बीचे जीवनगुण 20, गोलेमचे 100. तुम्ही स्वतः लोखंडाचे चार ब्लॉक आणि कोरलेला भोपळा लावून बनवलेला गोलेम मात्र तुमच्यावर कधीच हात उगारत नाही.

आता राग उतरतो कसा? लांडगा, मधमाशी, झॉम्बिफाइड पिग्लिन (त्याच्याबद्दल पुढे), गोलेम या सगळ्यांचा राग घड्याळावर चालतो. तुम्ही त्यांच्या टप्प्यातून, नजरेतून निसटलात की साधारण 20 ते 39 सेकंदांत ते विसरतात. म्हणून चिडलेल्या कळपाशी लढत बसू नये. भिंतीआड जावं, दोन ब्लॉक माती समोर रचावी आणि मिनिटभर थांबावं. लढलात तर प्रत्येक वाराने नवा राग पेटतो आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

या सगळ्यात एक अपघात इतक्यांदा घडतो की तो वेगळा सांगायलाच हवा. तलवारीचा पूर्ण जोराचा वार फक्त समोरच्याला लागत नाही, त्याच्या अगदी लगतच्यांनाही थोडा लागतो. तुम्ही मारत असता एका वैऱ्याला, आणि शेजारी उभ्या तटस्थ जीवाला ओरखडा जातो. त्याच्या लेखी तुम्ही हल्ला केलेला असतो. गर्दीत कुऱ्हाड वापरावी. तिचा वार पसरत नाही.

नेदरमधली दोन सारखी दिसणारी माणसं

नेदरमध्ये, म्हणजे खेळातल्या आगीच्या पाताळात, गेल्यावर डुकराच्या तोंडाचे पिग्लिन आणि झॉम्बिफाइड पिग्लिन यांच्यात गल्लत करणं जिवावर बेततं, कारण दोघांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. पिग्लिन 23 जून 2020 च्या 1.16 आवृत्तीत आले. ते मुळात वैरी आहेत, पण तुमच्या अंगावर सोन्याचा एक तरी चिलखती तुकडा असेल तर शांत राहतात. सोन्याचे बूट सगळ्यात स्वस्त, चार सळ्या लागतात. तरीही त्यांच्या डोळ्यांसमोर पेटी उघडली किंवा सोन्याचा खडक फोडला की करार मोडतो. सोन्याची सळी टाकली की ती उचलून निरखण्यात ते गुंततात आणि बदल्यात काहीतरी देतात. पळायला वेळ हवा असेल तर हीच सळी उपयोगी पडते. निळ्या आगीला, म्हणजे सोल टॉर्च, सोल कंदील यांना, ते घाबरतात. त्यांच्या गढीतले ब्रूट मात्र सोन्याला भुलत नाहीत, निळ्या आगीलाही भीत नाहीत. त्यांच्यासमोर उपाय फक्त अंतर किंवा लढाई.

झॉम्बिफाइड पिग्लिनला सोन्याशी काही देणंघेणं नाही. तो तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही, जोवर त्याच्यावर वार होत नाही. वार झाला की आडव्या अंतरात 35 ब्लॉकपर्यंतचे त्याचे सगळे भाऊबंद उठतात. वर-खाली मात्र हा टप्पा दहाच ब्लॉकचा असतो, म्हणून पळायचं तर आडवं पळण्यापेक्षा मातीचे ब्लॉक रचत वर चढणं जास्त उपयोगाचं.

हॉग्लिन नावाचं रानडुकरासारखं जनावर निळसर वार्प्ड बुरशीपासून सात ब्लॉक लांब राहतं. नेदरमध्ये तळ ठोकायचा असेल तर त्या बुरशीची चार रोपटी भोवती लावून घ्या.

खेळाच्या सेटिंगमध्येही काही सोय आहे. पीसफुल पातळीवर वैरी नाहीसे होतात, आणि लहान मुलांना बांधकाम शिकवताना मी ती निःसंकोच वापरतो. मॉब ग्रीफिंग हा नियम बंद केला तर क्रीपरने ब्लॉक फुटत नाहीत, एंडरमॅन ब्लॉक उचलून नेत नाही. पण त्याबरोबर गावकरी शेतीही थांबवतात, हे बंद करण्याआधी माहीत असावं. फरगिव्ह डेड प्लेअर्स हा नियम मुळातच चालू असतो: चिडलेल्या तटस्थ जीवाजवळ तुम्ही मेलात की त्याचा राग तिथेच संपतो, परत आल्यावर तो पुढे चालू राहत नाही.

जिथे उजेड कामाचा नाही

7 जून 2022 च्या 1.19 आवृत्तीत जमिनीच्या अगदी तळाशी डीप डार्क आलं आणि त्याबरोबर वॉर्डन. हा आंधळा आहे. तो ऐकतो आणि हुंगतो. जीवनगुण 500, म्हणजे पंचवीस झॉम्बींएवढे, आणि लांबून तो जो ध्वनीचा झोत फेकतो तो ढालीला जुमानत नाही, चिलखतालाही नाही, मधल्या भिंतीलाही नाही. त्याला मारून हाती लागतं ते फारच थोडं. त्याला जागं न करणं एवढाच डाव.

डीप डार्कमध्ये सेन्सर नावाचे ब्लॉक तुमच्या पावलांची, ब्लॉक फोडण्याची, पेटी उघडण्याची कंपनं पकडतात आणि श्रीकर नावाच्या ब्लॉकला कळवतात. श्रीकर किंचाळतो. पहिल्या तीन किंकाळ्या इशाऱ्याच्या, चौथीला वॉर्डन जमिनीतून वर येतो. दहा मिनिटं शांततेत गेली की एक इशारा पुसला जातो, त्यामुळे दोन किंकाळ्या झाल्यावर बाहेर पडून वीस मिनिटं दुसरं काम करून परत येणं शहाणपणाचं. वाकून चालल्यावर पावलांचं कंपन होतच नाही. लोकरीचे ब्लॉक कंपन गिळतात: पायाखाली लोकर असेल तर चालण्याचा आवाज होत नाही, आणि सेन्सर आणि तुमच्यामध्ये लोकर असेल तर तुम्ही काय करता ते त्याला कळत नाही. मी तिथे जाताना लोकरीचे दोन पूर्ण गठ्ठे नेतो.

वॉर्डन बाहेर आलाच तर आधी अंतर वाढवायचं, तेही वाकून. हातात हिमगोळा किंवा बाण असेल तर तो आपल्यापासून दूर, दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर मारायचा. वॉर्डन त्या आवाजाकडे वळतो. मग जिथे असाल तिथे थांबायचं. पेटी उघडायची नाही, ब्लॉक ठेवायचा नाही, खायचंही नाही, कारण खाण्याचंही कंपन होतं. एक मिनिट त्याला काहीच ऐकू आलं नाही आणि तुमचा वासही लागला नाही, तर तो पुन्हा जमीन खणू लागतो आणि खाली उतरून जातो. तो पूर्ण दिसेनासा होईपर्यंत पाऊल उचलू नका.